चौथ्या बाईचं नाव

हा लेख लिहायला बसलो आणि आतापर्यंत तीनदा उठलो. एकदा गॅसवर दूध ठेवलं आहे का ते पाहायला, एकदा फाटकाची कडी पाहायला, आणि तिसऱ्यांदा कशासाठी उठलो ते दारापर्यंत जाऊनही आठवलं नाही. बायको म्हणाली, "एका ठिकाणी बूड टेकवा न जरा." नोकरीत असताना परक्यांच्या अंगणात चार-चार तास मांडी घालून गोष्टी ऐकणारा माणूस मी. आता स्वतःची एक सांगायची तर खुर्ची टोचते आहे.

नोकरी काय होती ते आधी सांगतो, कारण ती सांगितल्यावर लोक एकदा तरी हसतातच. नागपूरला सदरमध्ये एका बैठ्या इमारतीत आमची कचेरी होती आणि तिचं काम होतं गावोगावच्या जुन्या गोष्टी गोळा करण्याचं. मी ध्वनिमुद्रक. म्हणजे खांद्यावर टेपरेकॉर्डर, पिशवीत कॅसेटी आणि खिशात चिठ्ठ्यांचं पुस्तक घेऊन एसटीनं फिरायचं, सांगणारा माणूस गाठायचा आणि त्याला बोलतं करायचं. मुलगी पाहायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हंजे सरकार तुमाले गोष्टी आयकाचा पगार देते?" मी हो म्हणालो. त्यांनी खात्री करायला पुन्हा विचारलं. मग मुलगी दिली, पण लग्न होईपर्यंत त्यांच्या मनात धाकधूक होती असं बायको अजून सांगते.

कचेरीत दोन कपाटं होती. एकावर लिहिलं होतं 'दंतकथा' आणि दुसऱ्यावर 'कुळकथा'. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखंच, आजीच्या गोष्टी. आमच्या लेखी मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक.

दंतकथा जागेला चिकटलेली असते. दगड, विहीर, टेकडी, देऊळ. ती कोणीही सांगावी, कशीही सांगावी. तिच्यात माणूस असतो पण त्याला नाव नसतं. 'एक राजा', 'एक साधू', 'एक सती'. आणि एक चमत्कार असतो. खरी कशावरून म्हणून विचारलं की सांगणारा तुम्हाला हाताला धरून दगडापाशी नेतो आणि म्हणतो, हे पहा. नरखेड तालुक्यात एका मोसंबीच्या बागेत मला मालकानं विहिरीजवळचा खडक दाखवला, त्यावर देवाच्या घोड्याचा खूर उमटलेला. मी मन लावून रेकॉर्ड केलं, मध्ये त्यानं मोटरपंप सुरू केला म्हणून पुन्हा रेकॉर्ड केलं. तिथून तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात गेलो तर तिथंही खूर, तिथंही तोच घोडा. परत येऊन पहिल्या मालकाला सांगितलं. तो जराही हलला नाही. म्हणाला, "मंग? घोड्याले चार पाय असते का नाही?" दंतकथेवर आक्षेप घेऊन कोणी जिंकत नाही.

कुळकथेचं गाडं वेगळं. ती माणसांना चिकटते. कोणाचा कोण, कुठून आला, कोणाशी भांडला, कोणाच्या घरात पडला, सगळं नावानिशी आणि पिढीच्या क्रमानं. ती सांगायचा हक्क ठरावीक माणसाला असतो आणि ती सांगायची वेळही ठरलेली असते. आमचे साहेब वाचणारे होते. ते सांगायचे की तिकडे उत्तरेला आइसलंड नावाचं थंडगार बेट आहे, तिथले लोक अशा घराण्यांच्या लांबच लांब कथा सांगत आणि त्यांना सागा म्हणत. त्यांत देवापेक्षा शेताच्या बांधाची भांडणं जास्त. साहेबांच्या मते खरी ओळख एकच होती. दंतकथेत पूर्वज पुण्यवान असतो, कुळकथेत त्याची लबाडीही असते.

हे मला पटलं ते नागपुरातल्या एका म्हाताऱ्या विणकरापाशी. हातमाग सुरू असल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द निघेना, म्हणून ते सगळं रेकॉर्डिंग खटक-खटक आवाजात झालं आहे. नऊ पिढ्या सांगितल्या. सातव्या पिढीशी आले आणि माग थांबवला. म्हणाले, "हे नीट भरून घ्या. माझा आजा भावाशी खोटं बोलला अन् हा माग त्याचा आपल्या घरी आणला." मी विचारलं, हे कशाला सांगता? तर म्हणाले, "आज्याचं नाव घेतो न मी? मंग पुरं घेतलं पाहिजे." आणि पुन्हा खटक-खटक.

आता माझ्या कामाची जी गोष्ट तुम्हाला कोणी सांगणार नाही ती सांगतो.

कचेरीला कॅसेटी कमी मिळत. म्हणून साहेबांनी नियम केला होता. कुळकथेची कॅसेट जपून ठेवायची, कारण तिच्यात शब्द न् शब्द महत्त्वाचा. दंतकथेचा मात्र चिठ्ठीवर सहा ओळींत सारांश लिहायचा आणि कॅसेट पुसून पुन्हा वापरायची, कारण दंतकथा काय, उद्या दुसरा कोणी सांगेलच. पुसायला एक चुंबकाचं यंत्र होतं, पोळपाटाएवढं. त्यावर कॅसेट ठेवून गोल फिरवली की आतला माणूस गेला. दर शनिवारी ते काम मी करत असे. चिठ्ठीवर वर्गाची खूण करायची ती पहिल्या पाच मिनिटांत, म्हणजे कोणती कॅसेट किती वापरायची त्याचा अंदाज येतो. शाईनं. खूण बदलायची तर साहेबांची सही आणि वर खुलासा. म्हणजे गोष्ट कोणत्या जातीची हे ती अर्धी व्हायच्या आत मी ठरवायचो, आणि त्यावर ती जगायची की जायची ते ठरायचं. त्या वेळी मला यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट, पाच मिनिटांत गोष्ट ओळखतो म्हणून मी मिरवत असे.

भिवापूरजवळच्या एका खेड्यात केवळाबाई नावाची साठीची बाई होती. तिच्या घरी मिरचीचं जुनं बी होतं. मडक्यात, राखेत घोळलेलं, तोंड शेणामातीनं लिंपलेलं. त्या घरची रीत अशी की बी सासूकडून सुनेकडे जायचं, आणि नुसतं जायचं नाही. मिरचीचं रोप टाकायच्या दिवशी सासू मडक्याचं तोंड फोडायची आणि आजवर ते बी जिनं जिनं सांभाळलं त्या प्रत्येक बाईचं नाव आणि तिनं काय केलं ती करणी सांगायची. सुनेनं प्रत्येक नाव मोठ्यानं परत म्हणायचं. सगळं म्हणून झालं की बी तिचं.

केवळाबाईला सून नव्हती. मुलगा गजानन बिनलग्नाचा होता आणि तिच्या छातीत दुखायचं. म्हणून ती टेपरेकॉर्डरला सांगायला तयार झाली. तिनं सुरुवात केली, "लोक म्हणते का एक गोसावी आला होता, त्यानं बी देलं..." गोसावी आला आणि मी झटक्यात खूण केली. दंतकथा.

मग ती म्हणाली, "पण ते लोकाईचं म्हणणं आहे. खरं मी सांगतो," आणि पुढचा पाऊण तास मी वही-पेन विसरून ऐकत राहिलो. निघताना तिनं माझ्या पिशवीवर हात ठेवला.

"ठेवसान ना गा जपून? माझी सून येईन तवा तिले आयकवजा."

"ठेवतो, माय," मी म्हणालो.

हा शब्द मी दिला होता. एसटीत बसल्यावर चिठ्ठी पाहिली. वाटलं, उद्या साहेबांची सही घेऊन खूण बदलू. दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. सारांशाची जागा भरायची राहिली होती ती भरून टाकली. सहा ओळींत पाच बायका बसत नव्हत्या, गोसावी बसत होता. तो लिहिला. शनिवारी पुसायच्या ढिगात ती कॅसेट होती. मी ढीग बघत नसे, गप्पा मारत फिरवत असे. पुढच्या आठवड्यात लक्षात आलं तेव्हा त्या कॅसेटवर दुसरीकडचं कोणीतरी नागोबाची गोष्ट सांगत होतं. मी कोणाला बोललो नाही. केवळाबाई पुढच्या वर्षी गेली हे मला उडत उडत कळलं, आणि खरं सांगतो, कळल्यावर मला हायसं वाटलं. आता कोणी विचारायला येणार नाही, असं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आज लाज वाटते.

पुढे आमचे सारांश एका पुस्तिकेत छापून आले. निवृत्त झालो, कचेरी बंद झाली, कपाटं कुठे गेली कोण जाणे.

आणि गेल्या वर्षी उन्हाळ्यात पन्नाशीची एक बाई माझ्या फाटकाशी उभी राहिली. सदरमध्ये विचारत विचारत, जुन्या चौकीदाराकडून पत्ता काढून आली होती.

"परभाकर बाबू तुमीच का जी? मी केवळाबाईची सून. सिंधू."

मी खुर्ची पुढे केली आणि स्वतः उभाच राहिलो. तिनं सांगितलं. लग्न होऊन ती आली तेव्हा सासू गेलेली होती. शेजारच्या चुलत सासूनं मडकं तिच्या हाती ठेवलं, पण नावं तिला ठाऊक नव्हती. गजाननला एवढंच आठवत होतं की नागपूरचा एक बाबू आला होता आणि मायनं सगळं डब्यात भरून दिलं होतं. गावात बाजाराच्या तोंडाशी नवा फलक लागला होता, आमच्याच पुस्तिकेतून उतरवलेला: 'एका साधूने एका भाविक स्त्रीस हे बी प्रसाद म्हणून दिले.'

"मले बी भेटलं, गोष्ट नाही भेटली," ती म्हणाली. "आता माझ्या पोराचं लगन झालं. सून आली घरी. रोप टाकाच्या दिवशी मी तिले का सांगू? गोसाव्याचं सांगू? आमच्या घरात त कोनी गोसाव्याचं नाव घेत नोव्हतं म्हंते हे."

मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "शोधतो."

पुसलेली कॅसेट शोधतो म्हणालो! ती पंधरा दिवसांनी आली. मी म्हणालो, जुनं सामान गोदामात आहे, चौकशी चालली आहे. ती गेल्यावर मी घरात येरझारा घालायचो. जेवताना उठायचो. बायकोला वाटलं साखर वाढली, तिनं रक्त तपासून आणलं. तिसऱ्या खेपेला सिंधूबाई भर दुपारी आली, एसटी उभ्यानं करून, आणि तिनं बरणीभर लाल तिखट आणलं होतं, माझ्यासाठी, शोधाशोध करतो म्हणून. ती बरणी पाहिली आणि मला सहन झालं नाही. सगळं सांगून टाकलं. खूण, यंत्र, शनिवार, सगळं.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मंग तीन खेपा काहून मारायले लावल्या मले?" तिनं विचारलं. "पयल्याच दिवशी सांगता येत नोव्हतं?"

कॅसेटीपेक्षा त्याचाच तिला जास्त राग आला होता आणि तो रास्त होता.

ती उठली, फाटकापर्यंत गेली, तिथून वळली. "पण आयकलं त तुमीच होतं ना बाबू? पुरं आयकलं होतं?"

"पुरं ऐकलं होतं."

"मंग टेप पुसली असन. कान त नाही पुसले." आणि रोप टाकायचा दिवस सांगून ती चालती झाली.

तो दिवस यायला तीन आठवडे होते आणि ते तीन आठवडे मी कसे काढले ते मला विचारू नका. मी कागदावर नावं लिहायचो, फाडायचो. अंगणात फिरताना पुटपुटायचो. केवळाबाईचा आवाज कानात आणायचा प्रयत्न करायचो तर मध्येच तो नागोबावाला बोलायला लागायचा. करण्या सगळ्या आठवत होत्या. नावं तीन आली. चौथं येईना.

गेलो. परसात वाफा तयार होता. सिंधूबाईनं मडकं पुढे ठेवलं, शेजारी तिची सून पायल बसली, बी.कॉम. झालेली, मोबाइल बाजूला उलटा ठेवून. गजानन दारात उभा. मी आयुष्यभर ऐकायच्या बाजूला बसलो होतो. सांगायच्या बाजूला पहिल्यांदाच बसत होतो.

"पहिली सखू," मी म्हणालो. "वैनगंगेपलीकडे सख्ख्या बहिणीच्या घरी तिनं ही मिरची खाल्ली. बहीण म्हणाली, मिरची खा, बी मागू नको. सखूनं एक वाळली मिरची अंबाड्यात खोवून आणली. चोरून आणली. बहिणीला कळलं. ती मरेपर्यंत सखूशी बोलली नाही."

पायलनं सासूकडे पाहिलं. चोरी! सिंधूबाईचा चेहरा मात्र उजळला होता. "हां," ती म्हणाली, "हे आमच्या घरचं वाटते." पायल म्हणाली, "सखू."

"दुसरी तानी. घराला आग लागली तेव्हा तिनं आधी मडकं बाहेर काढलं, मग गाय सोडायला धावली. गाय जळाली. नवरा वर्षभर तिच्या हातचं जेवला नाही."

"तानी."

"तिसरी रुखमा. तिनं सासूला न विचारता गावभर बी वाटलं. सासूनं मडकं काढून घेतलं आणि मरताना परत दिलं. आज गावात ही मिरची आहे ती रुखमामुळे."

"रुखमा."

"चौथी..." आणि मी थांबलो.

चौथीची करणी मला सगळ्यांत चांगली आठवत होती. पलीकडच्या बहिणीच्या घराण्यातलं बी रोग पडून नासलं होतं. चौथीला कळलं. ती उन्हातान्हात पायी गेली, नदी उतरली, आणि त्या घरी जाऊन अंबाड्यातून मूठभर बी काढून त्यांच्या सुनेच्या ओटीत घातलं. म्हणाली, आमच्या सखूनं नेलं होतं, हे घ्या. दोन घरं त्या दिवशी पुन्हा बोलायला लागली. इतकं सांगितलं मी. आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. नाव.

गंगा म्हणून टाकावं, असं आलं मनात. नदी उतरली, गंगा, शोभलंही असतं. कोणाला कळणार होतं? मेलेली बाई येऊन सांगणार नव्हती. पायल 'गंगा' म्हणाली असती, पन्नास वर्षांनी तिच्या सुनेच्या सुनेनं म्हटलं असतं, आणि मी सुटलो असतो. जिभेवर आलं होतं हो. मग एकदम लक्षात आलं की तो गोसावी असाच तर आला असेल. कोणाला तरी खरं नाव आठवलं नसेल, किंवा सांगायला अडचण वाटली असेल, आणि त्यानं एक शोभेलसं ठेवून दिलं असेल.

"चौथीचं नाव मला आठवत नाही," मी म्हणालो. "केवळाबाईनं सांगितलं होतं. मी पुसलं."

त्या बाईनं एवढी नदी उतरून घराण्याची चोरी फेडली, आणि नाव गेलं ते नेमकं तिचं. मी रडलो तिथं, लाज न बाळगता. गजाननानं पाणी आणून दिलं.

सिंधूबाईनं मडक्याचं तोंड फोडलं आणि सगळं पहिल्यापासून स्वतः म्हणायला लागली, सखू, तानी, रुखमा, करण्यांसकट. चौथीशी आली आणि न अडखळता म्हणाली, "चवथी होती. तिनं बी वापस नेऊन देलं. तिचं नाव नागपूरच्या परभाकर बाबूनं पुसलं, अन् त्यानंच येऊन सांगतलं. पाचवी केवळा. साहावी सिंधू. म्हन वं पायल."

पायलनं माझ्याकडे पाहिलं, संकोचून. मग तिनं म्हटलं. माझ्या नावासकट.

परतीच्या एसटीत मला त्याचा राग आला, हेही लिहितो. चाळीस वर्षांच्या नोकरीत शेकडो गोष्टी जमा केल्या, आणि कोणाच्या तरी परसात माझं नाव राहणार ते एका शनिवारपायी. दंतकथा असती तर 'एक बाबू' होऊन सुटलो असतो.

यंदा रोप टाकायच्या दिवशी फोन आला. पायलनं फोन मडक्याशेजारी ठेवला आणि सगळं म्हटलं, न चुकता, मी इकडे अंगणात येरझारा घालत ऐकलं. संपल्यावर सिंधूबाई फोनवर आली. ख्यालीखुशाली झाली. मला राहवलं नाही. म्हणालो, "सिंधूबाई, नुसतं 'नाव गेलं' म्हटलं तर नाही का चालणार? माझं नाव गाळलं तर?"

ती हसली नाही. तिला ते नीट समजावून सांगायचं होतं.

"नाई जी, बाबू," ती म्हणाली. "नाव गाळलं का तिथं गोसावी येऊन बसते."